घराच्या आत कोणत्या कॅलिबरची रायफल? आधी भिंत, मग काडतूस

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: परवाना आणि प्राथमिक प्रशिक्षण दोन्ही आहे, रायफल घरात स्वसंरक्षणासाठी ठेवायची आहे, अंतर फार तर १० ते १५ मीटरचे आहे आणि शेजारच्या खोलीत कुटुंब झोपलेले असते. अशा स्थितीत ५.५६, .३०० ब्लॅकआउट, ७.६२×३९, .३०८ या मापांच्या काडतुसांची रायफल आणि ९ मिमीची कार्बाइन (पिस्तुलाचेच काडतूस झाडणारी आखूड रायफल) यांतून काय निवडावे, ९ मिमी भिंतींच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असते हे खरे आहे का, आणि हाताशी असलेली लष्करी धाटणीची फुल मेटल जॅकेट (गोळी पूर्णपणे धातूच्या आवरणात, म्हणजे जॅकेटमध्ये असलेली) काडतुसे याच कामी चालतील का, असे आपण विचारले आहे.

मी आधी शस्त्रदुरुस्तीच्या कार्यशाळेत काम केले आणि त्यानंतर बरीच वर्षे शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण देत आलो आहे. एवढ्या काळात हा प्रश्न मला जितक्या जणांनी विचारला, त्यांतील बहुतेकांनी कॅलिबरपासून सुरुवात केली आणि भिंतीचा विषय शेवटी काढला. माझे सांगणे असे आहे की क्रम उलटा ठेवावा. घर कशाचे बांधलेले आहे, कोणत्या भिंतीमागे कोण झोपते आणि चुकलेली गोळी कुठे जाईल, हे आधी कागदावर काढावे. मग गोळीची घडण ठरवावी. मग नळीची लांबी. आणि हे सर्व झाल्यावर कॅलिबर बहुधा आपोआपच ठरते. थेट उत्तर हवे असेल तर बहुतेकांसाठी ते असे: ३७ ते ४१ सेंटिमीटर लांबीच्या नळीची ५.५६ रायफल आणि तीत शरीरात शिरल्यावर प्रसरण पावणारी, मध्यम वजनाची चांगली गोळी. हे उत्तर कुठे बदलते आणि का, हे खाली सविस्तर लिहितो.

कॅलिबर हे मुळात व्यासाचे नाव आहे आणि व्यासावरून गोळी शरीरात किंवा भिंतीत कशी वागेल हे कळत नाही. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा अमेरिकी सैन्यातील शल्यचिकित्सक कर्नल मार्टिन फॅकलर यांनी १९८० च्या दशकात लेटरमन संशोधन संस्थेत केलेल्या कामात सापडतो. त्यांनी स्नायूंसारखा प्रतिरोध देणाऱ्या १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यांत वेगवेगळ्या गोळ्या झाडून त्यांचा संपूर्ण मार्ग रेखाटला. ७.६२×५१ या एकाच नाटो काडतुसाची अमेरिकी गोळी सुमारे १५ सेंटिमीटर सरळ जाऊन मग आडवी होत असे आणि तरीही अखंड राहत असे. त्याच मापाची तत्कालीन पश्चिम जर्मन गोळी मात्र जॅकेट पातळ असल्यामुळे सुमारे १० सेंटिमीटरवरच फुटून तिचे तुकडे होत आणि जखम कितीतरी मोठी होई. काडतूस तेच आणि वेगही जवळजवळ तोच. फरक फक्त जॅकेटच्या जाडीचा आणि धातूचा होता. ७.६२×३९ च्या बाबतीतही हेच दिसले. पोलादी गाभ्याची सोव्हिएत गोळी सुमारे २५ सेंटिमीटर नाक पुढे ठेवून सरळ जाते, म्हणजे माणसाचे धड ओलांडून जाईपर्यंत ती बहुधा आडवी होतच नाही. युगोस्लाव्हियात बनलेली शिशाच्या गाभ्याची आणि सपाट बुडाची गोळी मात्र १० सेंटिमीटरच्या आतच वळू लागते. म्हणून कोणी मला केवळ ‘७.६२ चांगली की ५.५६’ असे विचारले की मी आधी गोळी कोणती, हे विचारतो.

गोळी किती खोल जावी, याचे सर्वमान्य माप अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने घालून दिले. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत एका हल्लेखोराला लागलेली ९ मिमी गोळी दंडातून छातीत शिरून हृदयापर्यंत पोचण्याआधीच थांबली, आणि तो त्यानंतरही गोळीबार करत राहिला. त्यातून पुढे जो अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष असा की जिलेटिनमध्ये गोळी किमान ३० सेंटिमीटर जावी आणि शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये. किमान मर्यादा यासाठी की समोरचा माणूस आडवा उभा असू शकतो आणि गोळीला आधी हात भेदावा लागू शकतो. कमाल मर्यादा यासाठी की त्यापुढची ऊर्जा शरीराच्या पलीकडे वाया जाते, आणि घरात ‘पलीकडे’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा आपलेच माणूस असा असतो. या दोन आकड्यांच्या मधला १५ सेंटिमीटरचा पट्टा हाच निवडीचा खरा कस आहे, आणि त्यात कोणती गोळी बसते हे कॅलिबरच्या नावावरून सांगता येत नाही.

आता भिंतीकडे येतो, कारण या विषयातील सर्वांत घातक गैरसमज तिथेच आहेत. पहिली गोष्ट निर्विवादपणे मनात रुजवावी: माणसाच्या शरीरात ३० सेंटिमीटर जाऊ शकणारी प्रत्येक गोळी जिप्सम बोर्डाची दुभाजक भिंत आरपार भेदते. त्याला अपवाद नाही. अशी भिंत म्हणजे सव्वा सेंटिमीटर जाडीचे दोन पातळ पापुद्रे आणि मधली पोकळी. गोळीच्या लेखी ती जवळजवळ नसल्यासारखीच असते. प्लायवुडचे पोकळ दारही तसेच. म्हणून ‘भिंत न भेदणारे काडतूस’ शोधत बसू नये. जे भिंतीत थांबते ते माणसालाही थांबवत नाही. विचारायचा प्रश्न एवढाच उरतो की एक-दोन भिंती ओलांडल्यावर गोळीत काय शिल्लक राहते, ती सरळ जाते की लोळत जाते, अखंड राहते की तुटते.

इथे ९ मिमीचा मुद्दा येतो. पिस्तुलाची गोळी हळू, म्हणून तिला भिंत लवकर अडवते, असे साधी बुद्धी सांगते. प्रत्यक्षात घडते ते उलट. ८ ग्रॅमची ९ मिमी गोळी आखूड, जाड आणि मजबूत असते. ती सेकंदाला साडेतीनशे ते चारशे मीटर वेगाने येते आणि जिप्समची भिंत तिला मोडूही शकत नाही, वळवूही शकत नाही. हॉलो पॉइंट असेल तर तिच्या नाकातील खळगा जिप्समच्या चुऱ्याने बुजतो, त्यामुळे पुढे तिचे प्रसरणही होत नाही आणि ती साध्या गोळीसारखी पुढच्या भिंती भेदत जाते. याउलट ५.५६ ची हलकी, लांब, पातळ जॅकेटची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने पहिल्या पापुद्र्यावर आदळली की तिचा तोल ढळतो. ती आडवी होऊन लोळत जाते किंवा तुटते, आणि तिचे वजन मुळातच पावणेचार ग्रॅमच्या आसपास असल्याने तुकड्यांतील जोर लवकर ओसरतो. मी स्वतः तीन-तीन मीटर अंतरावर उभ्या केलेल्या जिप्समच्या जोडभिंतींवर दोन्ही झाडून पाहिल्या आहेत. ९ मिमीची भोके शेवटच्या भिंतीपर्यंत गोल आणि एका सरळ रेषेत होती. ५.५६ च्या प्रसरणशील गोळीची भोके दुसऱ्या भिंतीपासूनच वेडीवाकडी, लांबट आणि बाजूला सरकलेली होती. पण यावरून ५.५६ ‘सुरक्षित’ आहे असा निष्कर्ष कृपा करून काढू नये. तिचे तुकडेही दुसऱ्या खोलीतील माणसाचा जीव घेऊ शकतात. फरक प्रमाणाचा आहे, अभयाचा नाही.

भाजक्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतींच्या घरात गणित पालटते. तिथे ५.५६ ची प्रसरणशील गोळी भिंतीच्या पृष्ठभागाशीच फुटते आणि ९ मिमीही थांबते. मात्र धोका आरपार जाण्याऐवजी परावर्तनाचा होतो. कठीण पृष्ठभागावर तिरकी आदळलेली गोळी आरशावरच्या प्रकाशासारखी त्याच कोनात परतत नाही. ती बहुधा भिंतीला जवळजवळ समांतर, तिला लगटून पुढे जाते. म्हणून अरुंद बोळकंडीत भिंतीला पाठ टेकवून उभे राहिलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजत असतो, पण तो त्याच वाटेवर असतो. शिवाय विटांच्या घरालाही दारे आणि खिडक्या असतात, आणि चुकलेल्या गोळ्या नेमक्या तिथूनच बाहेर पडतात. घराचा आराखडा काढताना भिंतींइतकेच या उघड्या जागांना महत्त्व द्यावे.

५.५६×४५ बद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेकांची निवड शेवटी इथेच येऊन थांबते. या काडतुसाची जुनी एम १९३ ही ५५ ग्रेनची, म्हणजे सुमारे ३.६ ग्रॅमची गोळी ५१ सेंटिमीटरच्या नळीतून सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने निघते. तिचा परिणाम व्यासामुळे होत नाही. ती आडवी होते आणि जॅकेटच्या खाचेशी मोडून फुटते, यामुळे होतो. मात्र हे फुटणे वेगावर अवलंबून असते. आघाताच्या क्षणी वेग सेकंदाला सुमारे ८०० मीटरच्या खाली गेला की ती विश्वासाने फुटत नाही. इथेच नळीच्या लांबीचा संबंध येतो. ३७ सेंटिमीटरच्या नळीतून हीच गोळी सुमारे ९३० मीटर वेगाने निघते, तर २७ सेंटिमीटरच्या आखूड नळीतून फक्त ८३० ते ८४०, म्हणजे फुटण्याच्या सीमेला जेमतेम लागून. घरात वळायला सोपी म्हणून लोक नळी आखूड करत जातात आणि ज्या गुणासाठी हे काडतूस घेतले तोच गुण नळीबरोबर कापून टाकतात. आखूड नळीच हवी असेल, तर फुटण्यावर विसंबणारी गोळी सोडून कमी वेगातही प्रसरण पावणारी बाँडेड सॉफ्ट पॉइंट (नाकाशी शिसे उघडे आणि जॅकेट गाभ्याला पक्के जोडलेले) किंवा संपूर्ण तांब्याची गोळी घ्यावी.

गोळ्यांच्या निवडीत दोन्ही टोके टाळावीत. एका टोकाला शेतीची नासधूस करणाऱ्या छोट्या प्राण्यांसाठी बनवलेल्या, प्लास्टिकच्या टोकाच्या अतिनाजूक गोळ्या आहेत. भिंतीत त्या सर्वांत लवकर विरतात, म्हणून अनेकांना मोह होतो. पण जिलेटिनमध्ये त्या २० सेंटिमीटरच्या आसपासच थांबतात, आणि आडव्या हातातून गेल्यावर छातीपर्यंत पोचतीलच असे नाही. दुसऱ्या टोकाला हिरव्या टोकाची ६२ ग्रेनची एम ८५५ आहे, जिच्या नाकात पोलादी सुळा आहे. ती दूरवरच्या शिरस्त्राणासाठी आखली गेली. १९९३ मध्ये सोमालियातील मोगादिशूत लढलेल्या अमेरिकी सैनिकांकडून ती शरीरातून न वळता आरपार गेल्याच्या तक्रारी आल्या, आणि त्यानंतरच्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले की आघाताच्या क्षणी गोळी किती कललेली आहे यावर तिचा परिणाम फार अवलंबून असतो. एकच काडतूस, एकच रायफल, आणि दोन फैरींत दोन वेगळे निकाल: घरासाठी असे अनिश्चित वागणे मला मान्य नाही. या दोहोंच्या मध्ये ५५ ते ६४ ग्रेनच्या सॉफ्ट पॉइंट आणि ७५ ते ७७ ग्रेनच्या उघड्या टोकाच्या गोळ्या आहेत. त्यांतील जड गोळ्यांना नळीत जलद पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा) लागतो. ७ किंवा ८ इंचांत एक फेरा असलेली नळी त्यांना योग्य, आणि १२ इंचांत एक फेरा असलेल्या जुन्या नळीतून त्या स्थिरच होत नाहीत. आणखी एक बारीक गोष्ट, पण दुखापत टाळणारी: .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ दिसायला सारखी असली तरी ५.५६ चा दाब अधिक असू शकतो आणि तिच्यासाठी चेंबरचा (काडतूस बसते त्या जागेचा) पुढचा गळा लांब ठेवलेला असतो. नळीवर फक्त .२२३ कोरलेले असेल, तर तीत ५.५६ झाडू नये.

.३०० ब्लॅकआउट हे मला मनापासून आवडणारे काडतूस आहे आणि त्याबद्दल मला तितकीच धास्तीही वाटते. ॲडव्हान्स्ड आर्मामेंट कॉर्पोरेशनने ते विकसित केले आणि २०११ मध्ये त्याला अमेरिकी उद्योगाची अधिकृत मान्यता मिळाली. कल्पना अशी की ५.५६ चाच बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) आणि तेच मॅगझिन (काडतुसांची पेटी) वापरावे, फक्त नळी बदलावी, आणि काडतुसातील बंदुकीची दारू इतकी झटपट जळणारी घ्यावी की २३ सेंटिमीटरच्या नळीतच तिचे काम संपावे. ११० ते १२५ ग्रेनची स्वनातीत (ध्वनीपेक्षा वेगवान) गोळी अशा आखूड नळीतूनही सेकंदाला ६०० मीटरच्या वर वेग राखते, आणि त्यासाठी खास आखलेल्या तांब्याच्या गोळ्या त्या वेगात व्यवस्थित उमलतात. आखूड नळी आणि पुढे सप्रेसर (आवाज दाबणारे साधन) ही जोडी ज्यांना कायद्याने उपलब्ध आहे, त्यांच्यासाठी खोलीच्या आत यापेक्षा चांगली व्यवस्था मला माहीत नाही.

मात्र ध्वनीच्या वेगाखालची, २०० ते २२० ग्रेनची जड गोळी ही वेगळीच वस्तू आहे. तिचा वेग ३१० मीटरच्या आसपास आणि ऊर्जा ७०० ज्यूलच्या आतबाहेर असते. म्हणजे रायफल खांद्याला लावून आपण पिस्तुलाइतकाच परिणाम मिळवतो. प्रसरणासाठी खास बनवलेली नसेल, तर ती जिलेटिनमधून आणि भिंतींतून लांबलचक सुईसारखी निघून जाते. आवाज कमी होतो हे खरे, पण त्याची किंमत शेजारच्या खोलीने मोजू नये. घरासाठी ब्लॅकआउट घ्यायची तर स्वनातीत, प्रसरणशील गोळीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि आता ती धास्ती. मॅगझिन तेच, बोल्ट तोच आणि काडतुसाचे बूडही तेच असल्यामुळे ब्लॅकआउटचे काडतूस ५.५६ च्या रायफलीत सहज शिरते. काही आकाराच्या गोळ्या चेंबरमध्ये शिरताना काडतुसाच्या कोशात मागे दाबल्या जातात आणि बोल्ट पूर्ण बंद होतो. मग ७.८ मिलिमीटर व्यासाची गोळी ५.७ मिलिमीटरच्या नळीत घुसवण्याचा प्रयत्न होतो आणि रायफल हातात फुटते. मी अशी एक रायफल कार्यशाळेत उघडली आहे: वरचा रिसीव्हर फाटलेला, मॅगझिन खालून उडालेले, बोल्टचे दात तुटलेले. ती धरणाऱ्याचे डोळे वाचले ते केवळ चष्म्यामुळे. म्हणून माझा नियम कडक आहे: ज्या घरात ५.५६ आणि ब्लॅकआउट दोन्ही आहेत, त्या घरात दोहोंची मॅगझिने वेगळ्या रंगाची असावीत, वेगळ्या कपाटात असावीत, आणि रात्री हाताशी फक्त एकाच प्रकारचे शस्त्र असावे. अंधारात, छातीत धडधड असताना मॅगझिनवरची पट्टी कोणी वाचत नाही. ज्यांना ही शिस्त पाळणे जमणार नाही, त्यांनी दोहोंपैकी एकच ठेवावे.

७.६२×३९ च्या रायफली अनेकांकडे आधीपासून असतात, आणि असलेली रायफल सोडून नवी घेण्याचे कारण नाही. ८ ग्रॅमची गोळी, ७१५ मीटरच्या आसपास वेग, सुमारे २००० ज्यूल ऊर्जा. घरातल्या अंतराला हे पुरेसे आहे आणि आखूड नळीत वेगाची घट ५.५६ इतकी जाचत नाही. अट एकच: वर सांगितलेली पोलादी गाभ्याची गोळी वापरू नये, चांगली सॉफ्ट पॉइंट शोधावी. सॉफ्ट पॉइंटचे उघडे शिसे काही रायफलींत चेंबरच्या उतारावर अडकते, म्हणून निवडलेल्या काडतुसाच्या किमान २०० फैरी त्याच रायफलीतून, त्याच मॅगझिनांतून, एकही अडथळा न येता झाडून पाहाव्यात. धक्का ५.५६ पेक्षा जाणवण्याइतका अधिक असतो. घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही ती रायफल वापरावी लागणार असेल तर हा विचार करावा.

.३०८ बद्दल लांबण लावत नाही. साडेनऊ ग्रॅमची गोळी, ८४० मीटर वेग, सव्वातीन हजार ज्यूलहून अधिक ऊर्जा, आणि ५.५६ पेक्षा कितीतरी अधिक धक्का. पाचशे मीटरवर ती जे देते त्याची घरात गरज नाही, आणि घरात ती जे बिघडवते त्याला उपाय नाही. लष्करी प्रकारची गोळी एकाच जागी वारंवार लागली तर विटांच्या भिंतीलाही भोक पाडते. दुसरे काहीच उपलब्ध नसेल तर हलकी, लवकर उमलणारी शिकारी गोळी वापरता येईल. पण निवड हातात असताना मी ती खोलीच्या आतल्या कामासाठी कोणालाही सुचवलेली नाही.

९ मिमी कार्बाइन मग निरुपयोगी आहे का? नाही. तिचा धक्का नगण्य असतो, आवाज आणि ज्वाळा कमी असते, आणि सरावाचा खर्च परवडतो म्हणून माणूस अधिक सराव करतो. ज्याला सांध्यांच्या दुखण्यामुळे किंवा अंगकाठीमुळे दुसरे काही नीट धरता येत नाही, त्याच्यासाठी चांगल्या हॉलो पॉइंटसह ती योग्य आहे. चांगले साधलेले ९ मिमी हे चुकलेल्या ५.५६ पेक्षा केव्हाही बरे. तिची निवड भिंतीच्या भ्रामक सुरक्षिततेसाठी करू नये, एवढेच मी म्हणतो. अनेक पोलीस दलांनी १९९० च्या दशकापासून ९ मिमीच्या सबमशीनगन बाजूला ठेवून ५.५६ च्या कार्बाइन घेतल्या, त्यामागे चिलखत भेदण्याचे कारण मोठे होते (फेब्रुवारी १९९७ मधील नॉर्थ हॉलीवूडच्या, चिलखत घातलेल्या दरोडेखोरांनी केलेल्या बँक दरोड्यानंतर तर विशेष), पण भिंतींपलीकडचे वर्तनही विचारात घेतले गेले होते.

आवाजाचा मुद्दा लोक टाळतात, कारण मैदानावर कान झाकलेले असतात. क्षणिक आवाजाची सुरक्षित मर्यादा १४० डेसिबल मानली जाते, ५.५६ रायफलीचा आवाज १६० च्या वर असतो आणि डेसिबलचे माप गुणाकाराने चढते हे लक्षात घेतले तर हा फरक प्रचंड आहे. बंद खोलीत तो भिंतींवरून परतून पुन्हा कानावर येतो. नळी जितकी आखूड, तितका तोंडाशी दाब जास्त, म्हणून आवाज आणि ज्वाळा दोन्ही वाढतात. एका फैरीने कानाला कायमची इजा होऊ शकते, आणि ती इजा त्या खोलीतील मुलांनाही होते. सप्रेसर हा आवाज साधारणपणे २० ते ३० डेसिबलने उतरवतो. गोळी स्वनातीत असेल तर हवा फाटण्याचा कडाका तरीही राहतोच. जिथे सप्रेसर मिळत नाही तिथे बाहेरील मंद आवाज मोठे करून ऐकवणारे आणि स्फोटाचा आवाज दाबणारे इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक रायफलीशेजारी ठेवावेत. ते चढवायला दोन सेकंद लागतात आणि पावलांचा आवाजही त्यांतून अधिक स्पष्ट येतो. नळीच्या टोकाला ज्वाळा दाबणारे साधन असावे. धक्का कमी करणारा मझल ब्रेक मात्र घरातल्या रायफलीवर लावू नये, कारण तो तोच दाब बाजूला आणि मागे फेकतो.

आणखी एक गोष्ट कॅलिबरपेक्षाही अधिक चुका घडवते. आधुनिक रायफलींवर साइट (नेम धरण्याचे साधन) नळीच्या मध्यरेषेपासून सहा-सात सेंटिमीटर उंच बसते. पाच-सात मीटरवर गोळी साइटच्या बिंदूपेक्षा जवळजवळ तेवढीच खाली लागते. दाराच्या चौकटीआडून किंवा कपाटाच्या कडेवरून पाहताना साइटमधून समोरचे सर्व मोकळे दिसते, पण नळी अजून चौकटीच्या मागेच असते, आणि पहिली गोळी आपल्याच आडोशात घुसते. माझ्या प्रशिक्षणार्थींपैकी जवळजवळ प्रत्येकाने पहिल्या दिवशी लाकडी ठोकळ्याचा कोपरा उडवलेला आहे. कोणतेही कॅलिबर घ्या, पण तीन, पाच, सात आणि दहा मीटरवर आपली गोळी नेमकी कुठे लागते हे कागदावर टिपून ठेवावे. रायफलीला दिवा असावा, हेही याच ओळीत लिहितो: समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय सुरक्षा-खटका उघडू नये, आणि अंधारात ओळख दिव्यावाचून होत नाही.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे हाताशी असलेल्या फुल मेटल जॅकेट काडतुसांकडे. लष्करी गोळीला पूर्ण जॅकेट असते, याचे कारण ती अधिक प्रभावी असते असे मुळीच नाही. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात नाक उघडे ठेवलेल्या गोळ्या बनवल्या गेल्या, त्यांवरून मोठा वाद झाला, आणि १८९९ च्या हेग घोषणेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास मनाई केली. बहुतेक सैन्ये त्या बंधनाखाली गोळी आखतात. पोलिसांवर आणि खासगी संरक्षणावर ती घोषणा लागू होत नाही. तिथे ज्या त्या देशाचा शस्त्रकायदा लागू होतो, आणि काही ठिकाणी प्रसरणशील गोळ्या, आखूड नळ्या किंवा सप्रेसर यांवर स्वतंत्र निर्बंध आहेत, ते आधी तपासावेत. जिथे कायदा परवानगी देतो तिथे फुल मेटल जॅकेट सरावासाठी राखावी आणि घरातल्या मॅगझिनमध्ये प्रसरणशील गोळी भरावी. ठिसूळ, दाबलेल्या तांब्याच्या भुकटीच्या गोळ्यांचाही कोणी पर्याय सुचवील; त्या पोलादी लक्ष्यांवर जवळून सराव करता यावा म्हणून बनवल्या गेल्या, आणि जिप्समच्या भिंतीतून त्या अखंड निघून जातात.

प्रसरणशील काडतूस खरोखरच मिळत नसेल आणि फुल मेटल जॅकेटवरच भागवायचे असेल, तर उपलब्ध कॅलिबरांपैकी ५५ ग्रेनची ५.५६ गोळी आणि ३७ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब नळी ही जोडी सर्वांत कमी वाईट आहे, कारण घरातल्या अंतराला तिचा वेग फुटण्याच्या सीमेच्या बराच वर राहतो. ७.६२×३९, .३०८ आणि ९ मिमी या तिन्हींच्या पूर्ण जॅकेटच्या गोळ्या शरीरातून आणि भिंतींतून अखंड निघून जाण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. अशा वेळी काडतुसाने जे साधत नाही ते जागेने साधावे लागते: मुलांचे पलंग गोळीच्या संभाव्य रेषेतून हलवावेत, सर्वांनी एकाच खोलीत जमायचे ठरवावे, आणि त्या खोलीच्या दाराकडे तोंड करून आपण जिथे थांबणार तिथून मागची रेषा विटांच्या बाहेरच्या भिंतीवर जाऊन संपते का, हे दिवसाउजेडी, रिकाम्या हाताने, तिथे उभे राहून पाहावे.